फुग्याचं तेलपाणी

कानिफनाथाच्या हातात पडलेली वस्तू कधी खराब होत नसे. हे सगळ्या तरडवाडीला माहीत होतं, कारण कानिफनाथच ते सगळ्या तरडवाडीला सांगत असे.

"आमच्या बापाची मोट हुती," दवाखान्याच्या पायरीवर बसून तो सुरू करी. "बापानं हाकली, मग मी हाकली. इंजान आलं तवा ती माळ्यावर गेली. आजबी काढून बगा. कातडं कसं लोण्यावानी मऊ. का? तर तेल. करंजाचं तेल. वस्तूला येळच्या येळी तेल दिलं की वस्तू आपल्याला सोडून जात न्हाई."

ऐकणारा बहुधा पेशंट असे आणि त्याला ताप असे, म्हणून तो मान हलवी. कानिफनाथाला तेवढं पुरे.

विहिरीवर इंजिन बसलं तशी मोट सुटली आणि कानिफनाथाचे हात रिकामे झाले. रिकामे हात त्याला सोसत नसत. मिरजगावच्या पलीकडे, फाट्यापासून आत असलेल्या या गावात सरकारी दवाखाना आला, तिथं त्याला शिपायाची जागा मिळाली, आणि त्या दवाखान्याचे दिवस पालटले. खिडक्यांच्या गजांना शेंदरी रंग बसला. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायच्या थांबल्या. नुकताच तो रात्रीच्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकला होता, त्यामुळे औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही तो रोज एकदा मोठ्यानं वाचून त्यांची खुशाली घेई.

दवाखान्याचे डॉक्टर म्हणजे गुगळे. नगरचे, तरुण, शांत. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांचा जीव एका पत्र्याच्या पेटीत होता. काचेच्या कपाटात, हाताशी येईल अशी ती ठेवलेली असे. आत एक काळा रबरी फुगा, त्याला जोडायचा वाटीएवढा रबरी मुखडा, घशात सरकवायची एक वाकडी नळी आणि बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढायची एक बारीक नळी. एखाद्याचा श्वास अडला, जन्मलेलं पोर रडलं नाही, तर मुखडा तोंडावर बसवायचा आणि फुगा दाबायचा. आपला दम त्याच्या छातीत घालायचा.

कानिफनाथानं पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच त्याचं मन तिच्यावर बसलं. गोल पोट, पुढं सोंड, भरते आणि रिकामी होते. ही तर वीतभर मोटच. फक्त पाण्याऐवजी वारा ओढणारी.

"नाना, हे आता तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी बघायचं. तोंडावर तळहात धरून फुगा दाबायचा. वारा कुठून निसटला तर मला सांगायचं. वापरल्यावर साबणाच्या पाण्यानं धुवायचं, सावलीत टांगून वाळवायचं, पावडर भुरभुरायची आणि धुतलेल्या फडक्यात ठेवायचं. घडी घालायची नाही. पेटीवर काही ठेवायचं नाही. अगदी टोपीसुद्धा नाही."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. फक्त तेल लावू नका, एवढं सांगायचं राहिलं. आता यात त्यांचा काय दोष? ताटातलं खा पण ताट खाऊ नका, असं पाहुण्याला कोण सांगतं?

त्याच सुमाराला कानिफनाथाची लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई गोजरबाई हिचं सगळं ठरलेलं होतं. बाळंतपण घरात, आणि सुईण राहीबाई.

"दवाखान्यात न्यायची," कानिफनाथ म्हणाला.

"आन् का म्हनून? तुमी कुटं जन्मला हुता? मिरजगावच्या बाजारात?"

"अगं, आपली चांगुणा जन्मली तवा इसरलीस काय? निळी पडली हुती. रडंना. राहीबाईनं कानाशी ताट बडवून बडवून ताटाला पोचे पाडलं."

गोजरबाईनं वर पाहिलं. ते ताट अजून फळीवर होतं. त्या ताटात तिनं पुन्हा कधी कुणाला वाढलं नव्हतं.

"दवाखान्यात फुगा हाय," कानिफनाथ म्हणाला. "पोर रडलं न्हाई तर वारा भरत्यात. आन् त्यो फुगा कुनाच्या ताब्यात हाय?"

"कुनाच्या?"

"ह्या कानिफनाथाच्या."

गोजरबाईनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. हा माणूस बोलतो फार, पण याच्या हातातली वस्तू टिकते, हे तिला नाकारता येईना. "बरं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर नेते लेकीला. पर फुग्यानं दगा दिला ना, तर ह्या घरात तुमी आन् मी बोलनार न्हाई. सांगून ठिवते."

झालं. आता फुग्याला साधी निगा पुरेशी नव्हती. आता फुग्याला खरी निगा हवी होती.

डॉक्टर त्या दिवसांत देवीच्या लशीच्या कामाला वाड्यावस्त्यांवर गेले होते. कानिफनाथानं पेटी उघडली, फुगा हातात घेतला आणि बोटानं चाचपला. पांढरी पावडर लागलेलं ते रबर त्याला कोरडं वाटलं. बिचारं, असं त्याला वाटलं. सरकारची ती पावडर म्हणजे बिनतेलाची भाकरी. त्यानं घरून करंजाच्या तेलाची डबी आणली आणि फुग्याला, मुखड्याला, नळ्यांना बेतानं, मायेनं तेल चोळलं. फुगा लखलखला. कानिफनाथाला त्यात आपलं तोंड दिसलं, आणि ते समाधानी होतं.

मग त्याला ती सवयच लागली. एक दिवसाआड डबी निघे, फुगा निघे; सकाळचं तळहात धरून दाबून बघणं मात्र राहून जाई.

"दवाखान्यात हा कडू वास कशाचा?" नर्स केशरबाई नाक उडवत विचारी.

"निगा राखल्याचा," कानिफनाथ म्हणे.

डॉक्टर परत आले, हातपाय धुतले आणि सवयीनं आधी पेटी उघडली. फडकं उचललं तर फुगा फडक्याबरोबरच वर आला. सोडवायला गेले तर त्यांच्या बोटांना चिकटून लांबला. चुलीवर विसरलेल्या भरताच्या वांग्यासारखं त्याचं अंग सुजलं होतं. दाबला तर आत गेला आणि तिथंच राहिला. आतली, वारा अडवायची झापड चिकटून बसली होती. मुखडा गाईच्या ओठासारखा लोंबत होता.

"नाना," डॉक्टर हळूच म्हणाले, "याला काही लावलंत का?"

"तेल," कानिफनाथ छाती पुढं काढून म्हणाला. "करंजाचं. घरचं हाय, भेसळ न्हाई."

डॉक्टर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फुगा तसाच होता.

"कातडं तेल पितं आणि मऊ राहतं," ते म्हणाले. "रबर तेल पितं आणि सडतं. आणि नाना, हा मुखडा बाळाच्या नाकातोंडावर ठेवायचा. त्या तेलाचा एक थेंब जरी त्याच्या छातीत गेला, तर?"

कानिफनाथाची छाती जिथं होती तिथून मागं गेली. त्याला घरातलं ते पोचे पडलेलं ताट दिसलं. चांगुणाचे दिवस भरत आले होते. आणि फुग्याचं भरीत झालं होतं.

"नवा?" त्यानं कसंबसं विचारलं.

"नगरला मिळेल. मी चिठ्ठी देतो. पहाटेच्या गाडीनं जा आणि दुपारच्या गाडीनं या. पण नाना, आणताना..."

"सांगा. समदं सांगा. ह्या बारीला काय ठिवू नगा."

"तेल नाही."

"न्हाई."

"ऊन लागू द्यायचं नाही. धूळ नाही. भुईवर टेकवायचा नाही. उघडायचा नाही. कुणाचा हात लागू द्यायचा नाही."

"माजा?"

"तुमचा पेटीला लागेल. आतल्या वस्तूला नाही."

"श्वास?"

"म्हणजे?"

"माजा श्वास. तमाखू खातो मी. खोकलाबी हाय जरा."

पेटी बंद असणार होती, पण डॉक्टर थकलेही होते. "तोंडाला फडकं बांधा," ते म्हणाले.

घरी कानिफनाथानं एवढंच सांगितलं की, नगरला सरकारी काम आहे. लग्नात आहेर आलेलं, अजून न वापरलेलं कोरं उपरणं त्यानं पेटारीतून काढलं, ते का, हे गोजरबाईनं विचारलं नाही. सरकारी कामाला नवं कापड लागत असेल, असं तिला वाटलं.

नगरमध्ये काम सुरळीत झालं. भांडारातल्या बाईनं नवा फुगा तपासून, पावडर लावून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून नव्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. कानिफनाथानं पेटी कोऱ्या उपरण्यात बांधली, दुसरं फडकं स्वतःच्या तोंडाला बांधलं आणि स्टँडवर आला. गाडी सुटत होती. धावता धावता त्याच्या एका वहाणेचा अंगठा तुटला. वाकून ती उचलावी तर दोन्ही हातांत पेटी, आणि पेटी भुईवर टेकवायची नाही. एक वहाण घालून चालणं बरं दिसेना, म्हणून त्यानं दुसरीही तिथंच झटकली आणि अनवाणी गाडीत चढला.

"पेटी टपावर टाका," कंडक्टर म्हणाला.

कानिफनाथानं नुसती मान हलवली. नाही.

"जागा नाही आत. टपावर टाका म्हणतो ना."

आता गंमत अशी की, त्याच गाडीत तरडवाडीची साळूबाई बसली होती. लेकीकडून गावी परतत होती. वयानं मोठी, अंगात येणारी, गावातल्या प्रत्येक देवाच्या प्रत्येक रिवाजाची तिला खडान्‌खडा माहिती. आणि त्या दिवसांत गावच्या भैरोबाचा पितळी मुखवटा नव्यानं घडवायला नगरच्या तांबटाकडे दिलेला होता. आप्पासाहेब सरपंच कुणालातरी पाठवून तो आणवणार होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुणाला पाठवणार, ते कुणालाच नाही.

साळूबाईनं कानिफनाथाकडे पाहिलं. पाय अनवाणी. तोंडाला फडकं. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं कोऱ्या कापडातलं काहीतरी. आणि बोलत नाही. देव आणणाऱ्यानं अगदी असंच यायचं असतं. ती उठून उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"कंडक्टर, देवाला टपावर टाकतोस व्हय रं?"

कंडक्टरचा हात आपोआप टोपीकडे गेला. "देव आहे का?"

"भैरोबा हाय आमचा. ऊठ रे बाबा, खिडकीची जागा दे त्येला."

एक पागोटेवाले गृहस्थ उठले. कानिफनाथाला धरून बसवलं गेलं. त्यानं फडकं जरा खाली ओढलं. "मावशे, ह्यात देव—"

"गप. बोलू नगं. बोललास तर परत मागं जाऊन पयल्यापासनं यावं लागंल."

परत मागं जायचं म्हणजे उद्याची गाडी. तिकडे चांगुणाचा काय भरवसा? कानिफनाथ गप्प बसला.

आणि खरं सांगायचं तर बसल्यावर त्याला बरं वाटलं. साळूबाईनं खिडकी लावून घेतली, धूळ येईना. ऊन येऊ लागलं तर मागच्या बाईनं पदराचा आडोसा धरला. कुणी पेटीच्या जवळ फिरकेना, हात तर लांबच. डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेचं या एस्टीत इतकं काटेकोर पालन होत होतं की, तेवढं दवाखान्यातही झालं नसतं. खुद्द कानिफनाथाकडून तर नाहीच. मुक्कामाला पोचेपर्यंत लोकांनी देव समजलं तर समजू दे, असं त्यानं मनाशी म्हटलं.

रुईछत्तीशीला गाडी चहाला थांबली तेव्हा पागोटेवाल्यांनी उदबत्ती पेटवून आणली. धुराबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. पण मागच्या खेपेला ते जे बोलले नव्हते त्यानंच घात केला होता, हे कानिफनाथ शिकला होता. त्यानं डोळे मोठे करून असं काही पाहिलं की गृहस्थ उदबत्तीसह मागं सरकले.

"देव कडक हाय," गाडीत कुजबुज झाली.

फाट्यावर उतरले तेव्हा तरडवाडीचा एक जण सायकलवर होता. साळूबाईनं त्याला पुढं पिटाळलं. कानिफनाथ मागून अनवाणी, काट्याकुट्यातून, पेटी छातीशी धरून भराभर निघाला. त्याच्यापुढं साळूबाई वाटेतल्या शेरडांना, पोरांना आणि एका बैलगाडीला बाजूला करत चालली.

गावाच्या वेशीत पाहतो तो काय, सगळं गाव जमलेलं. भीमा हलगीवाला अंगावर धुतलेला सदरा चढवून उभा. आप्पासाहेब हातात नारळ घेऊन. आणि बायका. प्रत्येक बाईच्या हातात तांब्या आणि तेलाची वाटी.

कानिफनाथानं पेटी आणखी घट्ट धरली. वेशीत देवाला तेल-पाणी घालूनच आत घ्यायचं असतं. लहानपणापासून त्यानं स्वतः कितीदा घातलं होतं.

हलगी कडाडली. भीमा वाजवत वाजवत जवळ आला आणि कानाशी वाकला. "नाना, देव आनलासा, लई ब्येस झालं. पर तुमच्या चांगुणाला सकाळीच दवाखान्यात नेलिया. अजून मोकळी झाली न्हाई. गोजरकाकी तितंच हाय."

कानिफनाथानं तोंडावरचं फडकं ओढून काढलं. "आप्पासाहेब, वाट सोडा. ह्यात देव न्हाई. रबराचा फुगा हाय. दवाखान्याचा."

आप्पासाहेबांनी साळूबाईकडे पाहिलं.

"वेशीत आल्यावर असंच म्हनायचं असतं," साळूबाई म्हणाली. "आननाऱ्यानं ठावठिकाणा सांगायचा नसतो. माजा आजा सासरा मुखवटा घेऊन आला तवा कुंभाराचं मडकं हाय म्हनाला हुता."

"अवं, खरंच फुगा हाय!"

"व्हय बाबा, फुगा तर फुगा," आप्पासाहेब समजूतदारपणे म्हणाले. "चला, आदी देवळात जाऊ. सभा हाय, आरती हाय, मग फुगा घेऊन जा कुटं जायचं तितं."

देवळात म्हणजे संध्याकाळ. कानिफनाथ घामानं भिजला. तेवढ्यात पहिली वाटी आली. त्यानं पेटी झटकन पोटाशी घेतली आणि वर स्वतः ओणवा झाला. तेल त्याच्या पागोट्यावर पडलं. दुसरी वाटी मानेवर. तिसरी पाठीवर. बायका म्हणाल्या, केवढी भक्ती. ज्या माणसानं फुग्याला तेल लावलं होतं, त्याला सगळं गाव मिळून तेल लावत होतं, आणि तो मुकाट्यानं लावून घेत होता.

तसा ओणवा असतानाच त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. देव आणणाऱ्याला कुणी शिवायचं नसतं. कुणी अडवायचं नसतं. तो चालेल तिकडं गावानं मागं चालायचं असतं.

कानिफनाथ ताठ उभा राहिला, फडकं पुन्हा तोंडाला बांधलं आणि देवळाला पाठ करून सरळ दवाखान्याच्या वाटेला लागला.

"अरं, देऊळ हिकडं हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"अडवू नगा," साळूबाई म्हणाली. "देवाचं पाय जिकडं जात्यात तिकडं जाऊ द्या."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढं तेलानं निथळणारा कानिफनाथ जवळजवळ पळतोय, मागं हलगी, त्यामागं नारळ धरलेले सरपंच, आणि त्यामागं रिकाम्या वाट्या घेतलेल्या बायका. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर गुगळे बाहेर आले. त्यांच्या हातांना साबण लागलेला होता. त्यांनी हलगी पाहिली, नारळ पाहिला, आणि मग कानिफनाथ पाहिला.

"आणलात?"

"आनला. उनात न्हाई, धुळीत न्हाई, भुईला न्हाई. पेटीवर थेंब न्हाई."

"आणि तुमच्या अंगावर?"

"त्ये गावाचं हाय."

डॉक्टर पुढं झाले. "तिथंच थांबा. एक पाऊलही आत नाही. उपरण्याची गाठ केशरबाई सोडतील, तुम्ही नुसती पेटी धरा." केशरबाईनं तेलाचा डाग पडलेलं उपरणं दोन बोटांनी बाजूला केलं, आतली कोरडी, स्वच्छ पेटी उचलली, आणि दार बंद झालं.

कानिफनाथ पायरीवर उभा राहिला. बसता येईना, तेलानं पायरी घसरडी झाली असती. हलगी वाजतच होती. आतून चांगुणाचं कण्हणं आलं, मग केशरबाईचा आवाज, मग काहीच नाही.

काहीच नाही. बाळाचा आवाज नाही.

दार किलकिलं झालं आणि गोजरबाई बाहेर आली. तिच्या ओठांना रंग नव्हता. "रडंना," ती म्हणाली. "चांगुणावानीच."

कानिफनाथानं हात वर केला. भीमानं हलगी थांबवली. बायका थांबल्या. आप्पासाहेबांनी नारळ पोटाशी धरला. इतक्या माणसांत एवढी शांतता त्या गावात कधी झाली नव्हती. कुणाचंतरी बकरं ओरडलं, त्याचंही तोंड कुणीतरी दाबलं.

आतून बारीक आवाज आला. फुस्. थांबून पुन्हा, फुस्. तो आवाज कानिफनाथाला ओळखीचा होता. रोज सकाळी तळहात धरून त्यानं तो ऐकला होता, तेल लावायच्या आधी. वारा कुठं निसटत नव्हता. प्रत्येक फुसबरोबर तो स्वतःही श्वास घेत होता, आणि त्याच्या मागं सगळं गाव घेत होतं, कशासाठी ते कळत नसतानाही.

मग एक बारकी, रागावलेली किंकाळी आली. मग दुसरी, पहिलीपेक्षा मोठी. मग थांबेचना.

"पावला," साळूबाई म्हणाली आणि खाली बसली. भीमानं हलगीवर अशी थाप टाकली की खिडकीची तावदानं हादरली. आप्पासाहेबांनी नारळ दवाखान्याच्या पायरीवरच फोडला.

संध्याकाळी चांगुणा शांत झोपली होती आणि नातू गोजरबाईच्या मांडीवर होता. कानिफनाथ लाल साबणानं दोनदा अंघोळ करून आला होता, तरी त्याला दाराबाहेरच उभं ठेवलं होतं. डॉक्टर वापरलेला फुगा स्वतः धूत होते.

"अवं," गोजरबाई म्हणाली, "नगरचं सरकारी काम म्हंजी ह्यो फुगा व्हय? मग पयल्या फुग्याला काय झालं हुतं? त्यो तर तुमच्या ताब्यात हुता."

कानिफनाथानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी फुगा उलटा टांगला, सावलीत.

"पहिला जुना झाला होता," ते म्हणाले. "नानांनी त्याचं तेलपाणी फार केलं."

गोजरबाईला त्यात काय ते कळलं. बाळाच्या टाळूला घरचं तेल लावायला ती वाटी घेऊन उठली, तेव्हा वाटी तिनं नवऱ्यापासून लांबच्या बाजूनं नेली.

भैरोबाचा खरा मुखवटा नंतर आला. कांद्याच्या गोणीत घालून, एस्टीच्या टपावरून, कुणातरी पाहुण्याबरोबर. वेशीत त्याला घ्यायला पुजाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. गावाचा देव तर आधीच येऊन पोचला होता, आणि त्यानं स्वतःची जागा स्वतः निवडली होती.

पुढच्या रविवारी दवाखान्यात तेलाच्या वाट्या येऊ लागल्या. बायका कपाटाच्या काचेला हात लावून डोक्याला लावत आणि तेल कुठं घालू म्हणून विचारत. कानिफनाथ पेटीपुढं आडवा उभा राही. "तेल न्हाई. इथं तेल न्हाई. रबराला तेल चालत न्हाई." एवढं ठाम तो आयुष्यात कशाबद्दल बोलला नव्हता. पण माणूस जेवायला जातो, झोपायला जातो. शेवटी त्यानं एक फळी तासली, खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला शेंदरी रंग घेतला, आणि प्रौढ वर्गात शिकलेल्या सगळ्या अक्षरांचा जोर लावून लिहिलं: येथे तेल वाहू नये. अक्षरं थोडी चढउतार झाली, पण वाचता येत होती. पाटी त्यानं बाहेरच्या भिंतीला, दाराशेजारी ठोकली आणि निर्धास्त घरी गेला.

सकाळी फुगा तपासायला आला तर दारापाशी उदबत्तीचा वास. पाटीवरून तेलाचे ओघळ भिंतीवर उतरले होते. हळद-कुंकवाचा टिळा मधल्या अक्षरावर होता. खाली अर्धा नारळ होता. आणि पाटीपुढं, डोक्यावरून पदर घेऊन, गोजरबाई उभी होती. हातात करंजाच्या तेलाची घरची डबी.

"अगं, काय केलंस? काय लिवलंय त्ये वाचलंस का?"

"मला कुटं वाचाय येतंय? तुमी लिवलंय, त्येबी शेंदरानं. म्हंजी देवाचंच असंल. ह्यानं माज्या नातवाचा जीव राखला."

"पर तेल..."

"फुग्याला कुटं लावलं मी? लाकूड हाय ह्ये," गोजरबाई म्हणाली आणि उरलेलं तेलही पाटीवर ओतलं. "वस्तूला येळच्या येळी तेल दिलं की वस्तू टिकती. तुमीच म्हंता."

कानिफनाथानं आत जाऊन साबणानं हात धुतले, फुग्याच्या तोंडावर तळहात धरून तो दाबून पाहिला आणि पेटी बंद केली. लाकडाला तेल चालतं, याची त्याला खात्री होती. पण तेही डॉक्टर आले की एकदा विचारून घ्यावं, असं त्यानं ठरवलं.